जपानी रोगणाचे पेन : पारख कशी करावी?

एका बैलजोडीच्या किमतीचे एक पेन, असे कोणी म्हटले तर तुम्ही आधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहाल, आणि मग विचाराल, "सोन्याचं आहे की काय हो?" ज्या पेनाविषयी मी सांगणार आहे ते सोन्याचे नाही. त्याच्या अंगात रबर आहे, गंधक आहे आणि एका झाडाचा चीक आहे. सोने आहे ते निबेपुरते, आणि तेही बहुधा ग्रॅमच्या आतबाहेर. असे असून या जपानी पेनांच्या किमती कित्येक हजारांपासून सुरू होतात आणि वर चित्रकाम असले तर काही लाखांपर्यंत जातात. ही किंमत नेमकी कशाची? ती वाजवी आहे की निव्वळ बडेजावाची? आणि असे पेन हाती आले तर त्याचे खरेखोटे आपल्यासारख्याने ओळखायचे कसे?

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे असली पेने घ्यायची आहेत! खरे आहे, मलाही घ्यायची नाहीत. पण आता आपल्याकडची मुले नोकरीधंद्यासाठी जपानात जातात, आणि अशा वस्तू आपल्या दारी चालत येतात. मागल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे असे एक पेन आले. त्यांचा जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला आहे; सुट्टीवर येताना त्याने गुरुजींसाठी आणले. रंग काळपट तांबूस. चित्र नाही, नक्षी नाही, खिशाला अडकवायला क्लिपसुद्धा नाही. गुरुजींनी ते तालुक्याच्या गावी एका दुकानदाराला दाखवले. त्याने तळहातावर तोलले आणि "हलकं आहे, प्लॅस्टिक असणार, चारशे रुपये," असा निकाल दिला. इकडे नातवाने इंटरनेटवर किंमत काढली, घरात एकच गलका झाला आणि पेन कपाटात कुलूपबंद झाले. गुरुजींना दोन्ही निकाल पटेनात. मला पेनांचा थोडा नाद आहे हे त्यांना ठाऊक होते. ते पेन माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "किंमत मरू द्या. हे लिहायचं आहे का ठेवायचं आहे, तेवढं सांगा."

पारखीची रीत आपल्याला नवी नाही. बैलबाजारात जाणता शेतकरी दलालाची बडबड एका कानाने ऐकतो आणि दुसऱ्याने सोडून देतो. तो दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवतो आणि जमल्यास औताला जुंपून पाहतो. शिंगांना लावलेला रंग त्याच्या हिशेबात शेवटी येतो. पेनाचेही असेच करायचे. पण बैलाची जात माहीत असल्यावाचून दात पाहून काय कळणार? म्हणून आधी हे रोगण म्हणजे काय ते पाहू.

येथे एक शब्दाचा घोळ आहे. इंग्रजीत रोगणाला 'लॅकर' म्हणतात, आणि तो शब्द मुळात आपल्या 'लाख' या शब्दावरून, पोर्तुगीजांच्या तोंडून फिरत तिकडे गेला. त्यामुळे पुष्कळांना वाटते की, आपल्याकडे बांगड्यांना आणि लाकडी खेळण्यांना चढवतात ती लाखच जपानी पेनावरही असते. तसे मुळीच नाही. लाख किड्याची. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, आणि त्यांच्या अंगातून निघणारा राळेसारखा पदार्थ म्हणजे लाख. ती उबेने मऊ होते. कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतो तेव्हा घर्षणाच्या नुसत्या उष्णतेने ती वितळून लाकडाला धरते. स्पिरिटमध्ये ती विरघळते. जपानी रोगण मात्र झाडाचा चीक आहे. त्याला तिकडे 'उरुशी' म्हणतात. तो एकदा पुरता घट्ट झाला की उबेने वितळत नाही, स्पिरिटने विरघळत नाही, आम्लालाही सहसा दाद देत नाही. जपानात उत्तरेकडील होक्काइदो बेटावर उत्खननात सापडलेल्या उरुशी लावलेल्या वस्तू सुमारे ९००० वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात, यावरून त्याच्या टिकाऊपणाची कल्पना यावी.

हे झाड आपल्या अगदीच अनोळखी कुळातले नाही. आपला बिब्बा, आंबा आणि काजू ही सारी त्याच कुळातली. बिब्बा उतणे म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. आंबा उतरवताना चीक अंगाला लागून ज्याला फोड आले आहेत त्यालाही ठाऊक आहे. परीट पूर्वी कपड्यांवर खुणा करीत तो बिब्ब्याचाच रस, आणि तो धुऊन जात नसे म्हणून तर वापरीत. उरुशीतल्या जळजळ्या द्रव्याला 'उरुशिऑल' म्हणतात. बिब्ब्यातले द्रव्य त्याचे चुलत भावंड म्हणा ना. उरुशीच्या कामाला नव्याने लागलेल्या उमेदवाराचे हात-तोंड सुजते. पुढे बऱ्याच जणांचे शरीर सरावते. आपण 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार वाईट अर्थाने वापरतो. जपानी माणसाने त्याच कुळातल्या चिकापासून देवळांचे खांब, जेवणाचे वाडगे आणि पुढे पेनसुद्धा सजवले.

चीक काढण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. झाड दहा ते पंधरा वर्षांचे व्हावे लागते. मग एका उन्हाळ्यात, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, चिकवाला बुंध्याला आडव्या खाचा पाडीत जातो. चार-पाच दिवस झाडाला विसावा, की पुन्हा वर एक नवी खाच. पाझरलेले थेंब तो चमच्यासारख्या हत्याराने खरवडून भांड्यात घेतो. असा सारा हंगाम राबून एका झाडाचा चीक मिळतो सुमारे २०० ग्रॅम. म्हणजे चहाचे दोन कप! हंगाम संपला की झाड तोडतात. बुडख्यातून आणि मुळांतून फुटवे येतात, आपण उसाचा खोडवा ठेवतो त्या मासल्याने. फक्त हा खोडवा हाती यायला पुन्हा दहा-पंधरा वर्षे. जपानातला बहुतेक देशी चीक इवाते प्रांतातील निनोहे शहराच्या जोबोजी भागात निघतो. तो फार थोडा असतो. त्या देशात वापरला जाणारा बहुतेक चीक चीनमधून येतो. २०१५ साली जपान सरकारने जुन्या वारसा-इमारतींच्या दुरुस्तीला देशी चीकच वापरावा असे धोरण ठरवले, त्यामुळे देशी चिकाची मागणी आणखी वाढली. म्हणून पेनाबरोबरच्या कागदावर 'देशी उरुशी' असे लिहिलेले असेल तर किंमत चढते. पण चिनी चिकाचे पेन तेवढ्याने खोटे ठरत नाही. चीक दोन्हीकडे त्याच जातीच्या झाडाचा असतो. हात कोणाचा लागला हे महत्त्वाचे.

आता या चिकाची खरी गंमत. पापड, कुरडया, भिंतीचा रंग, सारे कडक उन्हात वाळते. उरुशीचे उलटे आहे. ती उन्हात आणि कोरड्या हवेत चिकटच राहते. दमट हवेत घट्ट होते! कारागीर लेप दिलेली वस्तू एका ओलसर लाकडी कपाटात ठेवतो. उष्णता साधारण २० ते २५ अंश, आणि हवेत ७० ते ८५ टक्के आर्द्रता. आपल्या कोकणातला श्रावण घ्या, म्हणजे झाले. मी कला शाखेचा माणूस; रसायनशास्त्राचे मास्तर माझ्यापेक्षा नीट सांगतील. पण थोडक्यात असे की, उरुशीचा लेप पाणी उडून जाऊन वाळत नाही. त्या चिकात एक विकर असते. ते हवेतला प्राणवायू घेऊन चिकाच्या रेणूंची एकमेकांशी घट्ट वीण घालते, आणि हे विकर ओलाव्याशिवाय काम करीत नाही. १८८३ साली योशिदा हिकोरोकुरो या जपानी रसायनशास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा दाखवून दिले. शाळेतल्या मुलांना विकर शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

लेप पातळ द्यावा लागतो. जाड दिला तर वरची साय आधी धरते, सुरकुत्या पडतात आणि आत ओलेच राहते. म्हणून एक पातळ पुट, मग दिवस-दोन दिवस ओलसर कपाटात, मग कोळशाने पाणी लावून घासणे, मग पुन्हा पुट. असे कित्येकदा. वैद्याकडे शतपुटी अभ्रकापेक्षा सहस्रपुटी महाग का असते? तेथे पुट म्हणजे आच आणि येथे पुट म्हणजे लेप. पण हिशेब तोच. पेन तयार व्हायला महिने लागतात ते यामुळे.

येथे मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. विक्रेते सांगतात, "तीन महिन्यांची मेहनत आहे, साहेब." म्हणजे कारागीर त्या एकाच पेनापुढे तीन महिने मांडी ठोकून बसला होता असे नव्हे. त्याच्या कपाटात एका वेळी पुष्कळ वस्तू वाळत असतात. तीन महिने हा पेनाचा काळ आहे, माणसाच्या मजुरीचे दिवस नव्हेत. किंमत मोजताना हा फरक विसरू नये.

पण चिकाचे हे रोगण पेनावर आले कसे? शोभेसाठी नव्हे. त्या काळी चांगली पेने एबोनाइटची बनत. एबोनाइट म्हणजे रबरात पुष्कळ गंधक घालून उष्णतेने कडक केलेले रबर. ते लेथवर सुरेख कातता येते, हाताला उबदार लागते, शाईला टिकते. आपल्या राजमहेंद्रीलाही एबोनाइटची हातपेने बनतात. पण त्याला एक खोड आहे. ऊन आणि दमट हवा लागली की काळे एबोनाइट तपकिरी-हिरवट, विटके होते. आजोबांचे जुने पेन घरात असेल तर काढून पाहा. नामिकी र्‍योसुके हे नाविक विद्यालयात शिकवणारे गृहस्थ. त्यांनी १९१८ साली पेनांची कंपनी काढली. बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्या माणसावरून त्या पेनांना 'पायलट' नाव मिळाले. १९२५च्या सुमारास त्यांनी एबोनाइटवर उरुशी बसवण्याची रीत काढली, आणि हेतू हाच, की पेन विटू नये. म्हणजे उरुशी हे पेनाचे छत्र होते. दागिना ती मागाहून झाली. दागिना केला तो चित्रकारांनी. १९३० साली लंडनच्या डनहिल कंपनीशी नामिकींचा करार झाला, आणि १९३१ साली रोगणचित्रकार मात्सुदा गोनरोकू यांच्या पुढाकाराने पेनांवर चित्रे काढणाऱ्या कारागिरांचा एक गटच उभा राहिला. हे मात्सुदा इतके मोठे, की पुढे १९५५ साली जपान सरकारने त्यांना कलेचा जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवले.

बरे, आता पेन हातात घेऊ. पहिली गोष्ट, वजन पाहून निकाल देऊ नका. एबोनाइट मुळातच हलके असते, प्लॅस्टिकच्या जवळपास. हलकेपणावरून दुकानदाराने गुरुजींचे पेन चारशेचे ठरवले, आणि तिथेच तो फसला. त्याऐवजी टोपण काढा आणि आत वास घ्या. शाळेत गंधक जाळून पाहिले असेल तर तो ओळखीचा, रबरी वास मंदपणे येईल. तो एबोनाइटचा. पेन अगदी नवे असेल तर त्याबरोबर एक उग्र, आंबूस वास येतो, तो उरुशीचा. काही महिन्यांनी तो जातो. ज्यांना बिब्बा सहज उततो त्यांनी इतके नवे पेन थोडे दिवस बाजूला ठेवलेले बरे. पुरते घट्ट झालेल्या उरुशीचा मात्र सहसा कोणाला त्रास होत नाही. जपानी लोक तिच्या वाडग्यात रोज जेवतात.

मग खिडकीशी उभे राहा. पेन आडवे धरा म्हणजे खिडकीच्या गजाचे प्रतिबिंब त्यावर पडेल. पेन सावकाश फिरवा. गज सरळच्या सरळ राहिला पाहिजे. पाण्यात बुडवलेल्या काठीसारखा तो मोडला, थरथरला, तर खालचे घासकाम कच्चे आहे. वरचे पुट कितीही चकाकू द्या, खालचा खड्डा ते झाकत नाही. चांगला गिलावा आणि नुसती सफेदी यांतला फरक गवंड्याला विचारा. मात्र उरुशीचे एक काम असे असते की, शेवटचे पुट ब्रशने देऊन तसेच ठेवतात, पुढे घासून झळाळी देत नाहीत. त्यात गज थोडा मऊ, धूसर दिसतो. तो दोष नव्हे. उलट ते अधिक कठीण म्हणतात, कारण ब्रश उचलल्यावर चूक सुधारायला वाव नाही, आणि धुळीचा एक कण बसला तरी कायमचा.

मग कडा पाहा. टोपणाची कडा, दांड्याचे टोक, आटे जिथे संपतात ती जागा. कारागिराची परीक्षा सपाटीवर होत नाही, कडेवर होते, कारण ओला चीक कडेवरून ओसरतो. गुरुजींच्या पेनाचे मला पहिल्यांदा तिथेच कळले. साऱ्या अंगाला काळपट असलेले ते पेन कडांपाशी लालसर उजळले होते, जणू आत निखारा आहे. या कामाला 'तामे-नुरी' म्हणतात. खाली हिंगुळाच्या रंगाची लाल पुटे, आणि वर मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी उरुशी. सपाटीवर ती जाड असते म्हणून काळी भासते; कडेला पातळ होते आणि खालचा लाल डोकावतो. पुढे वर्षे जातात तशी वरची उरुशी आणखी निवळत जाते आणि पेन उजळत जाते. रंगाच्या डब्यातून असा परिणाम काढायचा म्हटला तर सोपे नाही.

टोपण फिरवून पाहा. आट्यांवरही उरुशी चढते आणि तिची जाडी धरून आटे कापावे लागतात. टोपण घोटीव गतीने, न अडकता बसले तर कातणारा आणि रोगण देणारा, दोघांचे जमले आहे असे समजा.

आता पेनावर चित्र असेल तर? या चित्राला 'माकी-ए' म्हणतात, म्हणजे शिंपडलेले चित्र. आपल्या बायका चिमटीतून रांगोळी सोडतात ना, तसेच काहीसे. कारागीर आधी ओल्या उरुशीने बारीक ब्रशने रेघ काढतो, आणि ती वाळण्याआधी एका नळीतून सोन्याची किंवा चांदीची पूड टिचकी मारमारून तिच्यावर सोडतो. पूड ओल्या रेघेला धरते, बाकीची झटकून निघते. पुढे तिच्यावर पुन्हा उरुशी. काही चित्रे सपाट, काही खालून उठाव देऊन उंच केलेली, आणि काही तर संपूर्ण उरुशीखाली गाडून मग घासून घासून वर काढलेली. हे तिसरे काम पाहिले की माणूस गप्प होतो. शाळेतले भिंग घ्या आणि चित्र पाहा. हाताने काढलेली रेघ कुठे दाट, कुठे विरळ, सुरुवातीला जाड आणि सुटताना केसासारखी; पुडीचे कण वेडेवाकडे पडलेले. छापील चित्रात रेघेची कड सर्वत्र सारखी, ठिपके रांगेत. छापील चित्राची पेने तसे सांगून, कमी किमतीला विकली तर त्यात गैर काही नाही. कॅलेंडरही छापीलच असते. हाताचे म्हणून विकली तर ती फसवणूक.

सही आणि पेटी यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. चित्रकाराची सही चित्राच्या पेनावर असते. साध्या रोगणाच्या पेनावर बहुधा नसते. आणि लाकडी पेटी कोणालाही बनवता येते.

आणखी एक पेच आहे, आणि तो आपल्या कोकण-गोव्याच्या जवळचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात काजूच्या टरफलाच्या तेलापासून एक रोगण निघाले. काजूही उरुशीच्याच कुळातला, तेव्हा हे साहजिकच. ते दिसायला उरुशीसारखे, पण स्वस्त आणि ओलसर कपाटाशिवाय वाळणारे. टरफलाच्या तेलाने हात सोलवटलेली माणसे आपल्याकडे काजूच्या कारखान्यांत पुष्कळ भेटतील. काजूचे रोगण वाईट नाही, पण ते उरुशी नव्हे. नुसत्या डोळ्यांनी ही दोन वेगळी ओळखणे सरावलेल्यालाही कठीण. येथे बनवणाऱ्याच्या लेखी शब्दावरच जावे लागते. म्हणून कोणी "अस्सल उरुशी" म्हणून स्वस्तात देऊ लागला, तर ते कोणत्या कार्यशाळेत बनले आणि रोगण कोणते, हे कागदावर मागा. सुईने ओरखडून किंवा काडी ओढून परीक्षा करू नका. पेन खोटे असेल तर कळेल न कळेल; खरे असेल तर मात्र जाईल.

हे सारे झाले बैलाच्या कातडीचे. आता औताला जुंपू.

निबेवर ५८५ असा आकडा असेल तर हजार भागांत ५८५ भाग सोने, म्हणजे १४ कॅरट. ७५० असेल तर १८. सोने कशासाठी, तर शाईने निब गंजू नये यासाठी. टोकाला मात्र सोने नसते. ते मऊ, कागदावर लवकर झिजेल. टोकाला अतिशय कठीण मिश्रधातूचा एक सूक्ष्म मणी जोडलेला असतो, आणि पेनाचे सारे लिहिणे त्या मण्याच्या घासणीवर. चांगली घासलेली पोलादी निब वाईट घासलेल्या सोन्याच्या निबेपेक्षा केव्हाही चांगली लिहिते.

निबेच्या मधल्या चिरेच्या दोन्ही पाकळ्या भिंगातून समोरून पाहा. त्या एका पातळीत हव्यात. मग शाई भरून कागदावर हात न उचलता आडवे आठ काढा, दाब न देता. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खरखर लागली तर पाकळ्या वरखाली आहेत. मग मराठी लिहा. जपानी निबा त्यांच्या लिपीसाठी घासलेल्या असतात. एवढ्याशा चौकोनात दहा-वीस रेघा भरायच्या, म्हणून तिकडची 'फाइन' निब युरोपातल्या 'फाइन'पेक्षा बारीक असते. 'राष्ट्र', 'लक्ष्मी', 'ज्ञानेश्वर' अशी अक्षरे तिने भरून न जाता स्वच्छ उमटतात. पण बोरूच्या वळणाची सवय असलेल्या हाताला ती रेघ रोडकी वाटेल. अशाने जाड निब मागावी. सुंदर पेन आहे म्हणून रोडके अक्षर सोसू नये. शेवटी पानभर मजकूर लिहून वर एकसलग शिरोरेघ ओढत जा. ओळीच्या मध्ये शाई तुटू लागली तर निबेखालच्या जिभेतून शाई आणि हवा यांची देवघेव नीट होत नाही. काही मोठ्या जपानी पेनांत शाई थेट नळीत भरतात आणि ती सांडू नये म्हणून आत एक झडप असते. लिहायला बसताना मागची गुंडी थोडी सैल करावी लागते. हे ठाऊक नसले की पान-दोन पाने झाल्यावर शाई थांबते, आणि लोक उगाच पेनाला नावे ठेवतात.

गुरुजींचे पेन या परीक्षेत अडखळले. रोगण उत्तम, कडा उत्तम. पण निब वर जाताना खरखरत होती. एक पाकळी केसभर उंच होती, प्रवासात कुठे आपटले असेल. असले काम जाणत्यानेच करावे. आमच्याकडे निबा दुरुस्त करणारा एक म्हातारा अजून आहे. त्याने नखाने दोनदा दाबून ती बसवली आणि चहाशिवाय काही घेतले नाही. गुरुजींनी तिथेच एका चिठ्ठीवर विद्यार्थ्याचे नाव लिहिले, मग स्वतःचे, मग शाळेचे. "लिहायचं," मी म्हणालो. उरुशी हाताच्या स्पर्शाने बिघडत नाही, उलट हाताने पुसत राहिले की तिला मऊ झळाळी येते. भिते ती उन्हाला. खिडकीत, गाडीत काचेमागे ठेवू नये, आणि धुताना दांडा पाण्यात बुडवून ठेवू नये. बाकी कुलपाची तिला गरज नाही.

राहिला किमतीचा प्रश्न. माझे मत असे की, चित्र नसलेल्या, साध्या उरुशीच्या पेनाची किंमत बहुतेक वेळा वाजवी असते. चीक दुर्मिळ, हात शिकलेला, काळ मोठा. चित्र आले की तुम्ही पेन घेत नसता, चित्र घेत असता. तेव्हा चित्राचा भाव चित्राला द्या. लाख रुपयांच्या पेनावरचे चित्र हाताने झाकले, की उरलेले पेन साध्या उरुशीच्या पेनाइतकेच असते आणि त्याची निबही बहुधा त्याच जातीची असते. सोन्याचा बाजारभाव काढून तर हिशेब मुळीच जमत नाही.

एक शंका गुरुजींनी जाता जाता विचारली, ती तुमच्याही मनात असेल. पडून टवका उडाला तर? प्लॅस्टिकचा उडाला तर गेला. उरुशीचा भरता येतो, कारण नवा चीक जुन्या चिकावर धरतो. पण भरणारा तोच हात हवा, आणि असे हात थोडे आहेत. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे वाजिमा हे गाव उरुशीच्या कामासाठी प्रसिद्ध. १ जानेवारी २०२४ रोजी तेथे मोठा भूकंप झाला, बाजारपेठेला आग लागली, कित्येक कार्यशाळा पडल्या आणि कारागिरांना घरेदारे सोडून दूर जावे लागले. तेव्हा दुरुस्तीला पेन पाठवले तर ते महिन्याभरात परत येईल अशी आशा धरू नये. टवका भरायचा म्हणजे पुन्हा पातळ पुट, पुन्हा ओलसर कपाट, पुन्हा कोळशाची घासणी, आणि प्रत्येक पुटाला त्याचे दिवस द्यावेच लागतात.